चांद्याची जोडी

माझा बाप कडूबा, त्याला आयुष्यात एकच हौस. पोळ्याला आपला बैल वेशीच्या तोरणाखालून न्यायचा. भोकरदनकडच्या आमच्या गावात पाटलाच्या मानाच्या बैलामागून सगळ्यांचे बैल तोरणाखालून जायचे. आम्हा गावकुसाबाहेरच्यांचे तेवढे चिंचेखाली उभे. आणि बापाच्या चांद्या-हौशासारखी जोडी सबंध शिवारात नव्हती. लेक म्हणून सांगत नाही, गावच म्हणायचं.

सत्त्याऐंशी साली जालन्याहून शरयूताई आल्या. गावोगावचा भेदभाव हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. साहेबराव पाटलांनी त्यांना चहा पाजून सांगितलं, "बिलकुल न्हाई बाई. आमच्यात सगळे बराबर."

"मग पोळा बघूनच जाते," ताई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात पाटलांचा मानाचा बैल साप चावून दगावला. त्यांनी चांद्या मागितला.

"मालक, जोडी मोडू न्हाई," बाप म्हणाला.

"बैलाला काय कळतंय?"

पाटलाला नाही म्हणायची सोय नव्हती. चांद्या गेला. बाप त्या दिवशी जेवला नाही.

पोळ्याला झूल घालून, बाशिंग बांधून चांद्या सगळ्यांच्या पुढं उभा! ताईंनी मला विचारलं, "गेल्या वर्षी हा कुठं होता गं?" मी चिंचेकडं बोट दाखवलं.

वाजंत्री सुरू झाली आणि चिंचेखालून हौशा हंबरला. बस्स. चांद्या वळला, कासरा धरलेल्या गड्याला फरफटवत आला आणि हौशाला खेटून उभा राहिला. ओढलं, चुचकारलं, ढिम्म हलेना. पोळ्याच्या दिवशी बैलावर हात उगारायचा नसतो, आणि मानाच्या बैलाशिवाय पोळा फुटत नाही. सगळं गाव खोळंबलं. मला तर हसू आवरेना.

शेवटी पाटील स्वतः आले. "कडूबा, धाड तुझा हौशा संगं."

"धाडत न्हाई मालक. मी घेऊन येतो. दोघांचा कासरा माझ्या हातात."

माझं हसू पळालं. बापाला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पाटलांनी ताईंकडं पाहिलं, मावळतीकडं पाहिलं. "चल," म्हणाले.

बाप तोरणाखाली जाऊन थांबला. पाटलीणबाईंनी चांद्याला ओवाळलं आणि ताट मागं घेतलं. बाप जागचा हलला नाही.

"एक राह्यला, मालकीणबाई."

वाजंत्री थांबली होती. पाटलीणबाईंनी हौशालाही ओवाळलं.

तोरण तुटलं. आंब्याचं एक पान बापाच्या पटक्यात अडकलं. मी काढायला गेले, तर माझा हात बाजूला करून म्हणाला, "राहू दे. घरापर्यंत बराबर दिसू दे सगळ्यांना."