रामाचे सत्तावीस श्रोते

रामाची हाळी मी स्वतःच्या कानांनी ऐकलेली आहे, त्यामुळे अतिशयोक्तीचा प्रश्नच येत नाही. माझा शेजारी चारुदत्त, त्याच्या बागेच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उभा राहून तो ‘हाऽऽड!’ म्हणाला, की वानरं माझी बाग ओलांडून तिसऱ्याच्या बागेत जाऊन श्वास घ्यायची, आणि खाली भाट्याच्या किनाऱ्याला तयार नारळ आपोआप पडायचे. नारळ पाडणाऱ्यांनी ‘आमच्या पोटावर पाय येतो’ म्हणून रामाविरुद्ध अर्जसुद्धा केला होता.

रामा मूळचा देवरूखच्या वरच्या अंगाचा. चौदा वर्षं चारुदत्तकडे राखणीला. हापूसची बाग राखायची म्हणजे मुख्यतः वानरं हाकलायची. फटाक्यांना वानरं आता टाळ्या देतात, म्हणजे उरला रामाचा गळा. सातशे कलमं आणि रामाची चूल त्याच गळ्यावर चालायची.

अशात मारुती मंदिराजवळ सावनी मॅडमनी क्लास उघडला. पाटी होती, ‘गळा ते कारकीर्द : संगीतात आयुष्यभर टिका.’ मॅडम स्वतः अठ्ठावीस वर्षांच्या, म्हणजे आयुष्यभर टिकण्याचा अनुभव दांडगाच. एकदा त्या चारुदत्तकडे आंब्याच्या पेट्या आगाऊ सांगायला आल्या, आणि रामा नेमका तेव्हा ओरडला. मॅडमच्या हातातलं कोकम सरबत चारुदत्तच्या धोतरावर गेलं.

“तीन सप्तकं!” त्या म्हणाल्या. “पण काका, तुम्ही नुसते घशातून ओरडताय. अशाने पन्नाशीला आवाज बसेल. मग काय कराल?”

रामा सत्तेचाळीसचा. आवाज बसतो ही बातमी त्याला त्या दिवशीच कळली.

“आणि नीट शिकलो तर?”

“तर गायक व्हाल! राखणदार कशाला राहताय?”

हे त्याला जास्त लागलं. गावच्या जाखडीच्या नाचात त्याला कधी कोणी पुढे गाऊ दिलं नव्हतं. एकदाच दिलं, तेव्हा मृदंगाचं कातडं फाटलं होतं.

दिवाळीपासून तीन महिने शिक्षण चाललं. बांगडा बंद, मिरची बंद, मोठ्याने बोलणं बंद. दुपारी ओठ फुरफुरवायचे, पोटात श्वास धरायचा आणि आरशासमोर तीनदा म्हणायचं, ‘मी एक ब्रँड आहे.’

त्याची बायको सोनूबाई मला गाठून म्हणाली, “भाऊ, आमचे हे आरशासमोर घोड्यासारके फुरफुरतात. भगताला दाकवू की डाक्टरला?”

“मॅडमना दाखवलंय तेवढं पुरे,” मी म्हणालो.

पण खोटं कशाला बोलू, आवाज लोण्यासारखा झाला. सर्टिफिकेट मिळालं, ते त्याने पंपाच्या खोलीत टांगलं.

मग कैरी अंड्याएवढी झाली आणि सत्तावीस वानरं आली. पुढे त्यांचा म्होरक्या हुप्प्या. रामा गडग्यावर चढला, पोटात श्वास घेतला, मॅडमनी शिकवलेलं स्मित केलं आणि खालच्या षड्जापासून वरच्यापर्यंत अशी काही मींड घेत ‘हाऽऽड’ म्हणाला, की हुप्प्याचा कैरीवाला हात हवेतच राहिला. तो खाली बसला. मागे सगळं खानदान बसलं. एक पिल्लू मधेच खोकलं, त्याला त्याच्या आजीने चापट मारली.

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी आली, पुढची जागा मिळावी म्हणून. कैऱ्या खात खात ऐकत होती.

“रामा, हे काय चाललंय?” चारुदत्त ओरडला.

“रियाज, भाऊ.”

“होळीपर्यंत ही वानरं गेली नाहीत, तर तुझा रियाज पिशवीत भर आणि गावची गाडी पकड!”

होळीला चार दिवस होते. रामाने जुनी हाळी काढून पाहिली. ती सुरात निघाली. मॅडमना फोन केला, तर त्या मोबाइल उभा करायचं तीन पायांचं तिकाटणं घेऊन धावत आल्या.

“काका! सत्तावीस श्रोते, आणि एकजण मोबाइलमध्ये बघत नाहीये! लक्षात ठेवा, ज्याचे श्रोते उठत नाहीत तोच गायक टिकतो.”

“मॅडम,” रामा हळू आवाजात म्हणाला, मोठा आता निघतच नव्हता, “माजे श्रोते उठले तरच मी टिकतो.”

हा धडा त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता. मग मॅडमनी त्यांना हमखास येत होतं ते केलं. गडग्यावर चढल्या, मोबाइल स्वतःवर रोखला आणि सुरू झाल्या.

“नमस्कार मित्रांनो! संगीतात टिकण्याचे बारा मंत्र. पहिला, स्वतःला ओळखा.”

हुप्प्याचं चावणं थांबलं.

“दुसरा, सातत्य. तिसरा, संपर्क वाढवा.”

दोन वानरी आभाळाकडे बघू लागल्या. पिल्लं मागच्या मागे सटकली. ‘अपयश ही संधी आहे’ हा पाचवा मंत्र आला तेव्हा हुप्प्याने अर्धी खाल्लेली कैरी गडग्यावर अलगद ठेवली आणि निघाला. सातव्या मंत्राला बागेत पान हलत नव्हतं. संध्याकाळी निवळी फाट्यावर लोकांनी सत्तावीस वानरं मागे न बघता चालताना पाहिली. मॅडम मात्र डोळे मिटून बाराव्यापर्यंत पोचल्या आणि म्हणाल्या, “रेकॉर्ड झालं ना?”

रामाने दोन दिवसांत बाराच्या बारा मंत्र पाठ केले आणि नोकरी वाचवली. सकाळी दोन मंत्र पुरतात. तिसरा तो अडीअडचणीला राखून ठेवतो. गळ्यालाही ताण नाही. आता पावस गावापासून गणपतीपुळ्यापर्यंतचे राखणदार मॅडमच्या क्लासला बसतात. कोकणात संगीताची जागृती झाली, असं मॅडम सगळीकडे सांगतात. त्यांना खरं सांगायची हिंमत कोणाची होत नाही.

आणि कामावरून सुटला की रामा बागेबाहेर कातळावर बसून गातो. सत्तावीसही परत येऊन हजर असतात. चारुदत्तची बाग मंत्रांनी बंद, म्हणून खाऊ माझ्या बागेतून आणतात. पहिल्या दिवशी मी काठी घेऊनच गेलो होतो. रामा तेव्हा नुकता खालच्या सुरावर उतरत होता. हुप्प्याने सरकून मला जागा दिली आणि माझ्याच कलमाचा एक आंबा माझ्यापुढे ठेवला.

बारा मंत्र मलाही पाठ आहेत. पहिला म्हटला तरी माझे आंबे वाचतील. पण गाणं संपेपर्यंत म्हणवत नाही, आणि रामा काही लवकर संपवत नाही.