पानडब्यातल्या गोळ्या

मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे, मित्रांनो. अकोल्याच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. पोटात चार वाट्या, वर कडीचे झाकण. झाकण जरा सैल बसले, म्हणून उघडताना मी खणकन वाजतो. तांबटाला ते खटकले होते, पण लग्नाची घाई होती. तसाच मी गुलनारबरोबर तिच्या सासरी बडनेऱ्याला आलो.

या घरात मला पानदान म्हणतात. तेव्हा माझी काय ऐट होती! ओसरीवर कोणी टेकले की आधी मी पुढे यायचो, चहा त्यानंतर. शेजारच्या जाईबाईचा तर माझ्यावर हक्कच होता. पान एकच उरले तर गुलनार ते मधोमध फाडायची. एकटीने तोंड हलवणे तिला कधी जमलेच नाही.

पुढे गुलनारच्या तोंडात चट्टा उठला. डॉक्टरांनी सुपारी आणि तंबाखू बंद करायला सांगितले, आणि तिच्या मुलाने, इमरानने, मला कपाटावर चढवले. त्याचे बरोबरच होते, पण मला फार वाईट वाटले. ज्या वाट्यांत लवंगा असत, तिथे बटणे आणि सेफ्टी पिना आल्या. जाईबाईचे येणेही कमी झाले.

तिच्या न येण्याला आणखी एक कारण होते. म्हातारपणी दोघींच्याही कानांत किर्र वाजू लागले होते. बाहेर काही नाही, सगळे आतच. गुलनारने ते चालवून घेतले. जाईबाईचे मात्र अवघड झाले. विहारात वंदना सुरू करण्याचा मान तिचा होता. सगळे शांत झाले की तिच्या कानातले किर्र एवढे वाढायचे की आपला सूर लागला की चुकला, हेच तिला कळेना. एकदा ती मध्येच थांबली. दुसऱ्या दिवसापासून मागे भिंतीला टेकून बसू लागली. "सरलं आता आपलं," असे ती गुलनारला म्हणाली, तेव्हा मी कपाटावरून ऐकत होतो.

तेवढ्यात अमरावतीच्या एका दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शनी यांनी वयस्कर लोकांसाठी एक चाचणी सुरू केली. जस्ताच्या गोळ्यांनी कानातले किर्र कमी होते का, हे त्यांना पाहायचे होते. काहींच्या बाटलीत जस्ताच्या गोळ्या, काहींच्या बाटलीत हुबेहूब तशाच, पण नुसत्या पिठाच्या. कोणाला कोणत्या मिळाल्या, हे चाचणी संपेपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हते. दोघींनी सगळे ऐकून घेतले, माना डोलावल्या आणि आपापली बाटली घेऊन घरी आल्या.

थोड्याच दिवसांत गुलनारला बरे वाटू लागले. जाईबाईला काडीचाही फरक नाही.

"माह्यावाल्या पिठाच्याच हायेत वो भाभी," जाईबाई रडवेली होऊन म्हणाली.

"मंग मी एकटीच बरी होऊ काय? थांब." गुलनार स्टुलावर चढली, मला खाली काढले, बटणे-पिना काढून पदराने पुसले आणि दोन्ही बाटल्या माझ्या एका वाटीत रिकाम्या केल्या. "आता जे हाय थे अर्धं अर्धं."

त्या दिवसापासून जाईबाई रोज दुपारी गोळी घ्यायला ओसरीवर येऊ लागली. माझ्यात पुन्हा बडीशेप आली, लवंग आली. गोळी गिळायला कितीसा वेळ लागतो? गप्पांना मात्र सारी दुपार पुरत नसे. मी तर हरखूनच गेलो होतो.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी उरलेल्या गोळ्या मागितल्या. गुलनारने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवले आणि झाकण उघडले. खणकन!

"हे काय?"

"गोळ्या."

"दोघींच्या? एकत्र?"

"मंग? तिले फरक नाई पडून राहिला, अन् मी एकटी कशी खाऊ?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आधी त्यांना हसू आले, मग त्या गंभीर झाल्या. "आजी, आता कोणी काय खाल्लं हे मला कळायचं कसं? तुम्हा दोघींना चाचणीतून वगळावं लागेल. आणि औषध असं वाटू नका. उद्या बीपीची गोळी वाटाल, तर जिवावर बेतेल."

जाईबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे माहं किर्र असंच राहीन काय, बाई? मले वंदना नाई घेता येनार?"

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "ते कधी कमी वाटतं का?"

जाईबाईने विचार केला. "भाभीच्या ओसरीवर. हा डबा वाजते, आमी बोलत बसतो, तवा ध्यानातच नाई राहत."

"मग ते सोडू नका. अगदी शांत जागी किर्र मोठं वाटतं. जवळ हलका आवाज असू द्या. पंखा चालू असला तरी पुष्कळ."

पंखा म्हटल्यावर जाईबाई चमकली. वंदनेच्या वेळी विहारातला पंखा बंद ठेवायचा, हा नियम तिनेच घालून दिला होता.

चाचणी संपली तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. जस्त खाणारे आणि पीठ खाणारे, यांच्यात काही फरक निघाला नव्हता. गुलनारची बाटली पिठाची होती आणि जाईबाईची जस्ताची.

"हाय अल्ला! तुह्या चांगल्या गोळ्या मी खाल्ल्या!"

"खाल्ल्या त खाल्ल्या. म्या तुहं पीठ नाई खाल्लं काय?"

दोघी इतक्या हसल्या की गुलनारच्या मांडीवरून मी खाली पडलो. माझा कोपरा चेपला तो तेव्हा. मला त्याचे काही वाटले नाही.

बुद्ध पौर्णिमेला गुलनार मला घेऊन विहाराच्या पायरीवर बसली. आत पंखा घरघरत होता. जाईबाईने वंदना सुरू केली, आणि शेवटपर्यंत ती कुठेही थांबली नाही. गुलनारने तोपर्यंत माझ्या झाकणाला हातसुद्धा लावला नाही.

"किर्र गेलं काय वो?" जाईबाई बाहेर येताच तिने विचारले.

"हाय न. पन आधी मी मांगं बसत होती, आता थे मांगं बसते."

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणा आजी-आजोबांच्या कानात असे किर्र वाजत असेल. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून त्यांना उडवून लावू नका. डॉक्टरांकडे न्या, आणि ज्याचे औषध त्यालाच खाऊ द्या. वाटून घ्यायचीच असेल, तर त्यांची दुपार वाटून घ्या. आणि कपाटावर माझ्यासारखा एखादा डबा पडला असेल, तर तोही खाली काढा. त्याचे झाकण वाजत असेल, तर दुरुस्त मात्र करू नका.