वगळलेल्या भागात काय घडतं

आमच्या कॉलेजात बायकांवरच्या अत्याचारांचे सिनेमे दाखवतात, फक्त त्यातले अत्याचार तेवढे दाखवत नाहीत. नियम प्राचार्यांचा. प्राचार्य म्हणजे माझे बाबा. मुलांच्या कोवळ्या मनावर परिणाम होऊ नये म्हणून मारहाण आली की सिनेमा थांबवायचा, दिवे लावायचे, वगळलेल्या भागात काय घडतं ते सभ्य भाषेत सांगायचं आणि पुढच्या प्रसंगापासून सुरू करायचं. सांगायचं काम माझं. मी इथे भाषा शिकवते, म्हणून फिल्म क्लब माझ्याच गळ्यात मारलाय. "यानंतर नायिकेला घरी थोडा त्रास होतो" हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणू शकेन. कोवळी मनं तेवढ्यात मोबाइल बघून घेतात.

यंदाच्या महोत्सवाचं नाव 'घर, ती आणि आपण'. तेही बाबांनीच सुचवलेलं. उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले, "मुलीला सोसायला शिकवणारा बाप हाच पहिला गुन्हेगार!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ते घरी आले, हातपाय धुतले आणि माझ्या थोरल्या बहिणीला म्हणाले, "हे बघ बाळा, थोडं इकडेतिकडे सगळ्यांकडेच होतं."

ताई गेल्या महिन्यात नवऱ्याच्या घरून एका बॅगेनिशी निघून आली होती. मनगट सुजलेलं. आईने विचारलं, पडलीस का? ताई हो म्हणाली आणि आई सुटली. बाबांनी तर विचारलंच नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की काहीतरी करावं लागतं. त्यांनी परस्पर जावयाला फोन लावला. ठरलं ते असं: समारोपाच्या सिनेमाला जावईबापूंनी यायचं, पहिल्या रांगेत ताईशेजारी बसायचं, लोकांनी जोडा एकत्र पाहायचा आणि सिनेमा संपला की बाबांनी दोघांना स्टेशनवर सोडायचं. ताईची बॅग सकाळीच बाबांच्या गाडीत जाऊन पडली. मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी पाठवण्याआधी मुलीला मारहाणीवरचा सिनेमा दाखवायचा, यात काही विचित्र आहे असं बाबांना अजिबात वाटलं नाही.

मी भांडले. तिला माझ्या क्वार्टरवर राहू दे म्हटलं. "तुला संसारातलं काय कळतंय?" बाबा म्हणाले, आणि पाहुण्यांचे पुष्पगुच्छ सांगितलेत का ते विचारलं. ताई काहीच बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला बाबांपेक्षाही जास्त राग आला होता.

हॉल खच्चून भरला. पहिल्या रांगेत बाबा, ताई आणि जावईबापू. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. स्टाफरूममधल्या बायकांना जावईबापू लगेच आवडले. ते सगळ्यांनाच आवडतात, हीच तर पंचाईत आहे.

सिनेमा रंगला. नायिका स्वयंपाकघरात शिरली, मागोमाग नवरा शिरला, त्याने दार लोटलं. मी सिनेमा थांबवला, दिवे लावले, माइक घेतला. "यानंतर नायिकेला घरी थोडा त्रास होतो..."

"थोडा नाही."

ताई उभी राहिली होती. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता.

"तो आधी टीव्ही मोठा करतो, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मग हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो. महागाचं आहे. मारताना तो काही बोलत नाही. नंतर चहा करून आणतो. तो तिने प्यायचा असतो. हसून."

मोबाइलमधल्या माना वर आल्या. दिवे लागल्यावर जे सांगतात तो सिनेमाचाच भाग, ही सवय आम्हीच तर मुलांना लावली होती. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, तुम्ही हा आधी पाहिलाय का?"

"हो. बऱ्याचदा."

"मग तिच्या माहेरचं कुणी येत नाही?"

"माहेर चांगलं आहे. वडील शिकलेले आहेत, भाषणं वगैरे करतात. तेच तिला परत पाठवतात."

"शी! कसला बाप आहे!" मुलगी म्हणाली, आणि सगळ्या हॉलने तिची री ओढली. समाजशास्त्राच्या बाई तर उठूनच उभ्या राहिल्या. "सर उद्घाटनाला म्हणालेच होते, असा बाप हाच पहिला गुन्हेगार!" त्यांनी मोठ्या कौतुकाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान डोलावली. काय करणार बिचारे, वाक्य त्यांचंच होतं.

जावईबापूंनी मात्र घड्याळ बांधलेला हात हळूच खिशात घातला. तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीने ते पाहिलं. शेजारणीला कोपर मारलं. कुजबुज मागे मागे सरकत गेली आणि मग एकदम थांबली.

"मॅडम," मुलीचा आवाज आता खाली आला होता, "ती जाते का परत?"

"नाही," ताई म्हणाली. मग बाबांकडे वळली. "बाबा, गाडीची किल्ली द्या. बॅग काढून धाकटीच्या क्वार्टरवर ठेवते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "सिनेमा सुरू कर."

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? याच माणसाच्या हाताखाली मला उद्या पुन्हा कामावर यायचं होतं. पण मी लॅपटॉपवरचा हात उचलला.

"सर, आधी त्यांना किल्ली द्या," मी म्हटलं. कॉलेजात मी त्यांना सरच म्हणते.

बाबांनी खिसे चाचपले, नको त्या खिशात दोनदा हात घातला, आणि शेवटी किल्ली पुढे केली. त्यांचं मन पालटलं असं कृपा करून कुणी समजू नये. चार लोक काय म्हणतील म्हणून ते ताईला परत पाठवत होते. इथे समोर चारशे बसले होते.

ताई किल्ली घेऊन दाराकडे निघाली. तिच्या मागोमाग जावईबापू उठायला लागले, तसं ती मुलगी पुढे येऊन पहिल्या रांगेच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. तिच्या दोन मैत्रिणीही येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही बसा, सर," ती म्हणाली. "तिथे तुम्ही नको."

ते बसले.