मागच्या खटक्याचे दोन चाकू

पलंगावर टॉवेल पसरून त्यावर चार मिटायचे चाकू मांडून निवृत्त हवालदार आकाराम नुसता बघत बसला होता. दुपारच्या बसनं साताऱ्याहून सांगलीला जायचं होतं, माधवनगरच्या मित्राचा, महावीरचा, चाकू परत करायला. पण त्यातला महावीरचा कोणता, तेच उमजेना.

घोळ चांगल्या हेतूनं सुरू झाला होता. फौजेतला जुना चाकू बिनखटक्याचा, उघडलेलं पातं अडकवून धरणारं त्यात काहीच नाही. द्राक्षाचं कलम करताना पातं अचानक मिटलं आणि आकारामचं बोट कापलं. आता घ्यायचा तर खटक्याचाच, पण पारखून, असं त्यानं ठरवलं. पारखायच्या जाती दोन. एकीचा खटका मुठीच्या पाठीवर. दाबला की अडकलेलं पातं सुटून मिटतं. दुसरीत मुठीच्या आत पितळी पट्टी. ती अंगठ्यानं बाजूला सारली की पातं मिटतं. पट्टीचा त्यानं विकत घेतला. मागच्या खटक्याचा महावीरनं नुकताच घेतला होता, तो मागून आणला. तोच हाताला बसला, म्हणून हुबेहूब तसाच स्वतःसाठी आणला. चारही पिशवीत टाकून म्हसवडला भावाच्या नातवाच्या जावळाला गेला.

जावळाला बोकड पडलं. पुतण्या दिग्विजयनं काकाच्या पिशवीत हात घातला आणि त्यातला एक चाकू बोकडाला वापरला. हे आकारामला कळलं ते आज सकाळी, फोनवर, बोलता बोलता.

“कंचा घेतला व्हतास रं?”

“लाकडी मुठीचा.”

“समदेच लाकडी हायती, लेका!”

“पाठीवर दाबून मिटतो, त्यो. लय झकास चाकू, काका. धुऊन ठिवला की परत.”

आकारामनं दोन्ही जुळे नाकाशी धरले. दोन्हींना साबणाचाच वास. की एकाला जास्त येत होता?

महावीर त्या चाकूनं वेलीच्या काड्या कापायचा आणि त्यानंच आईला, राजमतींना, पपई चिरून द्यायचा. त्या जैन घराचा उंबरा अंड्यानंसुद्धा कधी ओलांडला नव्हता. आणि त्याच घरात आकाराम इतकी वर्षं पाटावर बसून जेवत होता. बसमध्ये त्यानं एक चाकू वरच्या खिशात घातला, कराडच्या आसपास तो काढून दुसरा घातला. गप्प राहून एक द्यावा, तर नेमका तोच बोकडाचा निघायचा. नवा घेऊन द्यावा, तर राजमतींच्या डोळ्यांत कसं बघायचं? इस्लामपूर गेलं तरी काही ठरेना.

शेवटी महावीरच्या सोप्यात टेकताच त्यानं सगळं सांगून टाकलं आणि दोन्ही जुळे पुढं ठेवले.

महावीरनं दोन्ही उलटसुलट करून बघितले. मग एक चाकू उचलून म्हणाला, “ह्यो माझा.” दुसरा उचलला. “न्हाई, ह्यो असंल.”

“तुलाबी वळखंना?”

“आरं, तू जुळाच आणलास की! मी वळखणार कसा?”

“आणि तुझा वळखला, तरी बोकडाला कंचा लागला ते कुटं कळतंय?” आकाराम म्हणाला. महावीरनं कपाळाला हात लावला.

आतून राजमती आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “ते दोन्ही नकोत. ज्याला काय लागलं न्हाई, असा कुटला हाय का?”

आकारामनं पट्टीचा चाकू काढला. राजमतींनी तो धुतला आणि पपईबरोबर महावीरपुढं ठेवला. महावीरनं डाव्या हातानं फोडी केल्या आणि चाकू मिटायला गेला. मिटेना. मूठ फिरवली, नखानं पट्टी ढकलली, तरी मिटेना. पट्टी उजव्या अंगठ्यासाठी केलेली. महावीर डावरा आहे, म्हणून मागचा खटका वापरतो, हे इतकं पारखूनही आपल्या ध्यानात कसं आलं नाही? आकारामनं चाकू घेतला आणि एका अंगठ्यानं मिटवला.

“ठिव हितंच,” महावीर म्हणाला. “रोज मिटाय येत जा साताऱ्यासनं.”

हा राग की थट्टा, आकारामला कळेना. तेवढ्यात राजमतींनी दोन्ही जुळे कागदात गुंडाळून त्याच्या पिशवीत टाकले आणि पपईची ताटली त्याच्याकडं सरकवली.

“खा. आणि फुडल्या बारीला पिशवी घरी ठिवून ये.”