पालकांना विचारा

माझ्या हाताखाली दोन-अडीच हजार मुलं टायपिंग शिकली. सदाशिव पेठेतली आमची संस्था बंद पडली, तरी माझी बोटं बंद पडली नव्हती. म्हणून एका प्रकाशकाने एका जुन्या वैद्यांची हस्तलिखितं टाइप करून द्याल का, असं विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शुक्रवारपर्यंत चाळीस पानं द्यायची. ती वेळेत दिली तर पुढची सहाशे माझी, नाहीतर दुसऱ्या कोणाची. लॅपटॉप हवा होता तो एवढ्यासाठीच, साधा आणि स्वस्त.

माझा मुलगा शुभंकर हिंजवडीहून मुद्दाम रजा टाकून आला. दुकानदाराने मला खुर्ची दिली आणि त्यानंतर माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकूंना कशासाठी हवाय, हे तो शुभंकरला विचारत होता. काकू दोन फुटांवर बसल्या होत्या. शुभंकरने सांगितलं, आईला काय, व्हिडिओ कॉल, भजनं, थोडंफार टायपिंग. भजनं मी कधी ऐकली ते त्यालाच ठाऊक. मग दोघांनी मिळून माझ्यासाठी पंचेचाळीस हजारांचा एक चकचकीत लॅपटॉप पसंत केला, कळांखाली निळे दिवे लागणारा. दिवे घेऊन काय करू? टाइप करताना मी कळांकडे बघतच नाही.

मी उठले आणि मांडलेल्या एकेका लॅपटॉपवर एकच परिच्छेद टाइप करत गेले. चकचकीत लॅपटॉपच्या कळा इतक्या उथळ, की दाबली की नाही ते बोटाला कळेना. कोपऱ्यात गेल्या वर्षीचा एक जाडजूड, करडा लॅपटॉप होता. त्याच्या कळा नीट खाली जात होत्या. किंमत जवळजवळ निम्मी. हाच, असं मी सांगितलं. शुभंकरचं तोंड वाकडं झालं, पण पैसे माझे होते. मग त्याने तिथेच बसून तो सुरू करून दिला आणि मी मूर्खासारखे त्याचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले. वैद्यबुवांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी दोन तासांत नऊ पानं झाली. दहाव्या पानावर लॅपटॉप अडला आणि पडद्यावर इंग्रजीत आलं, की आजचा तुमचा वेळ संपला, आणखी हवा असल्यास पालकांना विचारा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझे पालक जाऊन वीस वर्षं झाली.

शुभंकरला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर आला आणि शांतपणे मला समजावू लागला. त्याच्या मुलीच्या टॅबला जी सोय आहे, तीच त्याने मला लावली होती. दिवसाला दोन तास, डोळ्यांना त्रास नको म्हणून. मी काय उघडते ते त्याला मोबाइलवर दिसणार, कोणी फसवू नये म्हणून. ही सोय लहान मुलांसाठीच असते, म्हणून माझं जन्मसाल त्याने २०१६ टाकलं होतं. हे सांगताना तो हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याचे वडील गेल्यावर मी दिवसाला दहा तास कळा बडवून याला इंजिनिअर केलं, आणि याच्या लेखी मी दुसरी-तिसरीतली पोर!

लॅपटॉप पिशवीत घातला आणि दुकान गाठलं. सगळं पुसून माझ्या नावाने नव्याने सुरू करून द्या, असं सांगितलं. त्यात माझी नऊ पानं जाणार होती. जाऊ देत. दुकानदाराने खिशातून मोबाइल काढला.

"सरांना एकदा विचारून घेतो, काकू."

"बिलावर नाव कोणाचं आहे ते वाचा."

त्याने वाचलं. काम होईपर्यंत मी त्याच्यासमोरून हलले नाही. पासवर्ड टाकताना त्याला तोंड फिरवायला लावलं.

संध्याकाळी शुभंकरचा फोन आला. मी त्याच्या मोबाइलवर दिसेनाशी झाले होते. काय केलंस, पासवर्ड काय ठेवलास, असं विचारू लागला. सांगणार नाही, मी म्हटलं.

"आई, तुझ्या भल्यासाठीच केलं होतं ना."

"माझं भलं मला विचारून करत जा."

एरवी अशा वेळी मीच काहीतरी गोड बोलून सावरून घेते. या वेळी घेतलं नाही. शेवटी तो हळूच सॉरी म्हणाला. बरं, असं म्हणून मी फोन ठेवला. मला पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची होती.