राहून गेलेला अर्ज

“पण इथेच थांबा, असं तुम्हीच सांगितलं होतं ना मॅडम?”

समोरच्या खुर्चीतली बाई रागावली नव्हती. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. वकिलातीतून आलेलं पत्र दोघींच्या मधे टेबलावर पडलं होतं.

“मीच सांगितलं होतं,” वकीलबाई म्हणाल्या. “निकाल लागेपर्यंत देश सोडू नका, असं. ते बरोबरच होतं. पण तुम्ही नवऱ्याच्या देशाबाहेर वर्षभराहून जास्त राहिलात, तर तिकडे राहायचा तुमचा परवाना रद्द होणार होता. त्याआधी मुदत वाढवून मागायला हवी होती. एका पानाचा अर्ज. तो मी दिला नाही.”

“का?”

“लक्षातून गेला.”

बाईने पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. “म्हणजे ठकूला जावं लागणार आणि मला जाता येणार नाही.”

वकीलबाईंनी होकारार्थी मान हलवली.

सव्वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. नवरा एका देशात, बायको दुसऱ्या देशात, आणि मूल कोणाकडे, याची भांडणं. सोबत परवाने, मुदती, शिक्के. चष्म्याच्या दुकानावरची दोन खोल्यांची कचेरी, एक म्हातारे कारकून आणि छतापर्यंत गेलेल्या फायली. कारकूनकाका म्हणत, आपल्याकडे लग्न मोडायला येणारे कमी, नकाशा वाटून घ्यायला येणारेच जास्त. वकीलबाई फार गाजलेल्या नव्हत्या, पण कामाला चोख म्हणून त्यांचं नाव होतं. तारीख चुकणं हा प्रकार त्यांच्याकडे कधी झाला नव्हता.

ही बाई सव्वा वर्षापूर्वी आली होती, पाच वर्षांच्या मुलीला, ठकूला, कडेवर घेऊन. परदेशात नवरा कामावर जाताना दार बाहेरून लावून घ्यायचा. सुट्टीसाठी म्हणून ती माहेरी आली आणि परत गेलीच नाही. नवऱ्याने मुलगी परत मागितली. कोर्टाचं म्हणणं सरळ होतं : मुलगी जिथे वाढत होती तिथलं न्यायालय ठरवेल, दाराची गोष्टही तिथेच सांगा. तीन आठवड्यांत मुलीला पाठवा, आईला सोबत जायची मुभा आहे. वकीलबाई हरल्या होत्या, पण मायलेकी एकत्र जातील एवढं त्यांनी पदरात पाडून घेतलं होतं. तेही आता गेलं. त्यांनी वकिलातीत खेटे घातले, कोर्टात मुदत मागितली. मुदत मिळाली नाही.

ठरल्या दिवशी कोर्टातल्या समुपदेशनाच्या खोलीत सगळे जमले. निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर फुलपाखरांची चित्रं. मुलीचा बाप वेळेआधीच आला होता. दाढी गुळगुळीत केलेली, हातात नवी बाहुली. तो काहीतरी बोलला. ठकूला तिकडची भाषा आता आठवत नव्हती. ती आईकडे बघत राहिली. बापाचा चेहरा पडला. त्याने बाहुली खुर्चीवर ठेवली आणि तो समुपदेशक बाईंच्या कागदांवर सह्या करू लागला.

आई गुडघ्यांवर बसून मुलीच्या बुटाची नाडी बांधत होती. बांधून झाली तरी उठली नाही.

“झोपताना दिवा लागतो तिला,” ती खालीच बघत म्हणाली. “त्यांना सांगाल? माझं ते ऐकायचे नाहीत.”

वकीलबाईंनी बापाला त्याच्या भाषेत सांगितलं. त्याने खिशातून फोन काढून ते टिपून घेतलं. मग ठकूच वकीलबाईंपाशी आली.

“आई उद्या येणार का?”

“उद्या नाही.”

“मग कधी?”

“कागद झाला की.”

“कुठला कागद?”

“एक कागद माझ्याकडून करायचा राहिला.”

ठकूने त्यांच्याकडे नीट बघितलं. गृहपाठ न केलेल्या मुलीकडे शाळेतल्या बाई बघतात तसं. “मग आता करा ना,” ती म्हणाली.

बापाने हात पुढे केला. ठकू दारापर्यंत गेली आणि तिथे तिला कळलं. तिचं रडणं लांबच्या लांब व्हरांड्यात बराच वेळ ऐकू येत राहिलं. आई तशीच जमिनीवर बसून होती. समुपदेशक बाईंनी दोनदा सांगितल्यावर ती उठली, कारण खोली पुढच्या लोकांना हवी होती.

वकीलबाई थेट कचेरीत आल्या आणि कारकूनकाकांना टंकायला बसवलं. परवान्याची मुदत माहीत असूनही आपण अर्ज केला नाही, पक्षकाराचा यात काही दोष नाही, असं प्रतिज्ञापत्र. काकांची बोटं मधेच थांबली.

“मॅडम, इथे ‘नजरचुकीने’ घालू का?”

“‘माझ्या चुकीने’ लिहा.”

“हे वकील परिषदेकडे गेलं तर आपलं दुकान बंद होईल हो.”

“जाणारच आहे. एक प्रत तिकडेही पाठवायचीय.”

काका चष्मा पुसत बसले. मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे टंकलं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना वकीलबाईंनी नवऱ्याला सांगितलं. ते निवृत्त मास्तर. त्यांनी बशीतला चहा संपवला.

“सव्वीस वर्षांत एक अर्ज राहिला,” ते शेवटी म्हणाले. “कोणाचा राहत नाही?”

“तिचाच राहिला ना पण,” वकीलबाई म्हणाल्या.

परिषदेने दोन वर्षांसाठी वकिलीची सनद काढून घेतली. कारकूनकाका दुसऱ्या वकिलांकडे लागले. फायली वाटल्या गेल्या. ओळखीचे लोक बाजारात भेटले की तब्येतीची चौकशी करत, जणू त्या आजारी होत्या. प्रतिज्ञापत्र दुसऱ्या एका वकिलांनी वकिलातीत लावलं. ते या खात्यातून त्या खात्यात फिरत राहिलं. त्याला वर्ष गेलं, वर चार महिने.

मग एका दुपारी ती बाई वकीलबाईंच्या घरी आली. वाळली होती. पर्समधून पासपोर्ट काढून तिने परवान्याचं पान उघडून दाखवलं. वकीलबाईंनी सवयीने आधी तारखा बघितल्या, मग नाव, मग पुन्हा तारखा.

“बरोबर आहे सगळं,” त्या म्हणाल्या. “बस. चहा टाकते.”

“नको, विमान संध्याकाळचं आहे.” पण ती बसली. “रविवारी बोलतो आम्ही फोनवर. माझं कळतं तिला. उत्तर मात्र तिकडच्या भाषेत देते, ती मला कधी नीट आलीच नाही. शेजारी वडील असतात, तेच मला मोडक्या इंग्रजीत सांगतात ती काय म्हणाली ते.”

“तू तिथे राहिलीस की येईल परत बोलायला.”

“हो, येईल.”

पिशवीतून तिने एक फ्रॉक काढला. पिवळा, बारीक फुलांचा. मांडीवर पसरून ती त्याच्याकडे बघत राहिली.

“फोनवर नुसता चेहराच दिसतो,” ती म्हणाली. “मापाचं काही कळेना. दुकानदार म्हणाला, अंदाजे सांगा. तुम्हीही तेव्हा बघितलंत ना तिला. हा होईल?”

वकीलबाईंनी फ्रॉक खांद्यांपाशी धरून उचलला. बाई उठून उभी राहिली. फरशीपासून कमरेपर्यंत तिने हाताने उंची दाखवली, “एवढी होती.” मग हात थोडा वर नेला. थांबली, आणि आणखी थोडा वर नेला.