बायकांचा गडवा

गुरुवारी आमच्या नंदनवन वस्तीत पाय ठेवायला जागा उरत नसे. त्या वेळी नंदनवन म्हणजे आखलेले प्लॉट, अर्ध्यावर थांबलेल्या भिंती आणि मधूनच एखादं घर. अशाच एका रिकाम्या प्लॉटवर मोकळेबाबांचा मांडव पडला होता. बाबांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. ‘मोकळं करा, मोकळं व्हा’ हे त्यांचं पालुपद, म्हणून मोकळेबाबा. तिथं येणारे सगळे जोडीनं येत, नवरा पुढे आणि बायको मागे. भांडणारी, अबोला धरलेली, एका घरात दोन चुली मांडलेली जोडपी. बाबा म्हणे त्यांच्या अंगातलं दुःख उपसून मोडलेला संसार सांधून देत.

“दुःख कहाँ रहता है, बेटा?” बाबा मांडवभर नजर फिरवत विचारत. “मन में? मन तो हवा है! दुःख रहता है हड्डी में, कमर में, हथेली में. जबान झूठ बोलती है, शरीर झूठ नहीं बोलता. तुमी जे अंगावर काढलं, ते मी अंगातून काढतो!”

मांडव डोलायचा. वाक्य झकास होतं, ते मलाही कबूल आहे. दुखणं अंगावर काढणं हा आमच्या बायकांचा पिढीजात धंदा. त्या दुखण्याचं कोणी नुसतं नाव घेतलं तरी त्यांच्या डोळ्यांना पाणी येणारच.

मग विधी. बाबा काहीतरी पुटपुटत नवराबायकोच्या तळहातांना ओली हळद चोळत. समोर पाण्याचे दोन गडवे, म्हणजे लोटे, भरून ठेवलेले असत, तांब्याचा पुरुषांचा आणि पितळेचा बायकांचा. बायकांचा विटाळ पुरुषांच्या पाण्याला लागू नये म्हणून वेगळा. बाबा स्वतः पाण्याला बोटही लावत नसत. “एकमेकाचं दुःख धुवा,” म्हणत. आधी बायको तांब्याच्या गडव्यातून नवऱ्याच्या हातावर पाणी सोडी. हळद पिवळीच राही. मग नवरा पितळेच्या गडव्यातून बायकोच्या हातावर पाणी सोडी, आणि तिचे तळहात लालभडक होत. मांडवातून “बाप्पा!” निघे. बाबा डोळे मिटून म्हणत, “निकला! दुःख यहाँ छुपा था.”

गुरुवारामागून गुरुवार गेले. एकाही पुरुषाचा हात लाल झाला नाही. नवरे जाताना हलके होऊन जात आणि पुढच्या गुरुवारी शेजाऱ्याला घेऊन येत. आपल्या संसाराची कीड बायकोच्या हातात सापडली, एवढं स्वस्त समाधान दुसऱ्या कुठल्या बाजारात मिळतं?

मी अंजनाबाई, शाळेत मुलांना विज्ञान शिकवत असे. माझ्या भिंतीला भिंत लागून श्रावण आणि पंचफुला राहत. श्रावण कोष्ट्याचा, पण वडिलांचा माग विकून लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनवर लागलेला. पंचफुला अजून दुसऱ्यांच्या मागासाठी घरी बसून सुताच्या कांड्या भरायची. त्यांचा मुकुंद चार वर्षांचा होता. माझ्या ओट्यावर येऊन खडूचे तुकडे मागायचा.

त्याआधीच्या थंडीत मुकुंदाचा घसा धरला. भिंत एकच, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं होतं. पंचफुला म्हणत होती, “दवाखान्यात नेऊ ना जी, याले गिळता येत नाही.” श्रावण दिवसभर लाकडं ओढून आलेला. म्हणाला, “हळद-दूध दे. सकाळी पाहू.” तिनं दूध पाजलं. अर्धं त्याच्या सदऱ्यावरच ओकलं गेलं. सकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, घटसर्प. फार उशीर केला. त्याच दिवशी मुकुंद गेला.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनात. बोलायला तोंड उघडलं की तीच सकाळ समोर यायची. श्रावणची झोप उडाली. पंचफुलाच्या हातांना मुंग्या यायला लागल्या, कांडी हातातून सुटायला लागली. ‘तुमी नेलं नाही’ हे शब्द मात्र तिनं कधी काढले नाहीत. ते तिनं अंगावरच काढले.

अशा वेळी कोणीतरी त्यांना मोकळेबाबांकडे जा म्हणून सांगितलं.

पहिल्याच गुरुवारी पंचफुलाचे हात लाल झाले. त्या रात्री श्रावण घोरताना ऐकू आला. मी दुसऱ्या दिवशी तिला घरी बोलावलं. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला, वरची नितळ निवळी काढली, माझ्या हाताला हळद लावली आणि निवळी ओतली. हात लाल झाला.

तिनं माझा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, “बाई, तुमच्या घरचं लाल येगळं. तिथलं येगळं.”

“काहून येगळं वं?”

“तिथलं माह्या आतून निंगते.”

मी श्रावणला गाठलं. तो खाली मान घालून ऐकत होता. “तुमच्या लोकायचं देवाधर्मावर मन नाही बाई,” म्हणाला.

“माझ्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, श्रावणभाऊ, ते काय चुना आन् हळद विसरायसाठी?”

“तसं नाही.” त्यानं मान वर केली. “मले झोप लागून राहिली आहे आता. तुमी नोका बोलू काही.”

चुन्याला माझ्याकडे उत्तर होतं, झोपेला नव्हतं. मला त्याचा राग आला आणि त्याच दमात त्याची कीवही आली.

पंचफुलाचे हात दर गुरुवारी लाल होत राहिले. शेवटी बाबांनी निदान केलं, “बहुत गहरा है. पाण्यानं नाही निघत. डागावं लागेल.” पुढच्या गुरुवारी तापल्या विळ्यानं दोन्ही तळहातांवर डाग द्यायचा. डागांवर बांधायला मेलेल्या लेकराचा कपडा आणायचा, पण स्वच्छ धुवून. श्रावणनं मान हलवली. तिनंही हलवली.

मी हातापाया पडले. “हात जातील वं तुझे! कांड्या कशानं भरशील?”

“जाऊ द्या बाई. ह्याच हातानं दूध पाजलं न म्या त्याले.”

मुकुंदाचा तो सदरा तिनं तेव्हापासून धुतलाच नव्हता. घडी करून कपड्यांच्या तळाशी ठेवला होता. कधीमधी काढून लेकराचा वास घ्यायची, मला दाराच्या फटीतून दिसायचं. बुधवारी दुपारी ती तो घेऊन अंगणातल्या दगडाशी बसली. बराच वेळ नाकाशी धरून बसली होती. मग डोळे मिटले, पाण्यात बुचकळला आणि साबण लावला.

छातीवरचा हळद-दुधाचा पिवळा डाग लाल झाला.

मी ओट्यावर वह्या तपासत होते. वाटलं, ही आता किंचाळणार. ती किंचाळली नाही. सदरा हातात तसाच धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाई, हळद साबणानं लाल होते. लग्नाचं पातळ धुतलं तवा बी झालती.”

“होते.”

“मंग याच्या छातीत कोणतं पाप होतं वं बाई? चार वर्षांचं लेकरू माहं.”

आणि मग ती रडली. तो माणूस गेल्यापासून तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. माणूसच म्हणते मी मुकुंदाला. घरातला एवढासा माणूसच होता तो.

गुरुवारी मांडवात विस्तव पेटलेला होता आणि त्यात विळा तापत ठेवला होता. बाबांनी दोघांच्या हातांना हळद चोळली. आज गर्दी नेहमीपेक्षा जास्त; मीही तीत उभी होते. डाग बघायला माणसं लांबून येतात, हेही लिहून ठेवायला हवं.

“धो बेटी, पती का दुःख धो.”

पंचफुलानं हात पुढे केला आणि पितळेचा गडवा उचलला.

“वो नहीं! वो औरतों का है!”

“हात समोर करा जी,” ती श्रावणला म्हणाली. कित्येक महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. त्या नवलानंच त्यानं हात समोर केले. तिनं पाणी सोडलं. श्रावणचे तळहात लालभडक झाले.

बाबांनी “विटाळ! विटाळ!” करत गडवा ओढायला हात घातला, तसं तिनं उरलेलं पाणी त्यांच्याच हळदीच्या हातांवर ओतलं. बाबांचे पंजे मनगटापर्यंत लाल.

“आता तुमचं कोणतं दुःख निंगालं, महाराज?” मागून कोणीतरी म्हातारी ओरडली आणि गर्दीत हशा उसळला.

मी पुढे झाले. तांब्याच्या गडव्यातलं पाणी घेऊन पंचफुलाच्या हातांवर सोडलं. पिवळेच राहिले. “बायांनो, बघा. पुरुषाईच्या गडव्यात साधं पाणी आहे, तुमच्या गडव्यात चुन्याची निवळी. हळदीले चुना लागो का साबण, लाल होतेच. तुमच्यातल्या कोणी हळदीचं लुगडं धुतलं नाही? घरी रोज पाहता ते इथं येऊन काहून विसरल्या?”

बाबांनी चप्पल शोधली. एक सापडली, तिच्यावरच निघाले.

गर्दी त्यांच्यामागे धावली. मांडवात श्रावण तसाच उभा होता, लाल हात समोर धरून. मी म्हटलं, “श्रावणभाऊ, चुना आहे तो. निंबू चोळा, हात पिवळे होतील.”

त्यानं ऐकलंच नाही. “म्याच म्हटलं होतं,” तो म्हणाला. “सकाळी पाहू म्हणून. तू तर ने म्हणत होती वं. म्याच म्हटलं.” आणि हात तसेच धरून तो खाली बसला आणि लेकरासारखा हमसून रडायला लागला.

पंचफुला त्याच्याजवळ बसली. “मले मालूम आहे,” एवढंच म्हणाली. बाकी तिनं काही धुतलं नाही, काही काढलं नाही. नुसती बसून राहिली.

लोक मला अजून विचारतात, “पण बाई, बाबामुळेच तर दोघं बोलले ना?” नाही. बाबांनी त्यांना गप्प राहायची सोय करून दिली होती. ज्या दिवशी सोय संपली, त्या दिवशी ते बोलले. दुःख अंगात राहतं हे मी नाकारत नाही, त्या बाईच्या हातांना मुंग्या खऱ्याच येत होत्या. पण ते हळदीनं दिसत नाही आणि विळ्यानं निघत नाही. शेजारच्या माणसानं “दुखते का वं?” म्हणून विचारावं लागतं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर एकच करा. दोघांच्या हातावर एकाच गडव्याचं पाणी ओतायला सांगा.

श्रावण-पंचफुलाचा संसार टिकला. टिकला म्हणजे दोघं एका घरात राहिले, एकमेकांना जेवायला वाढत राहिले.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी ओट्यावरून पाहिलं. अंगणातल्या दोरीवर मुकुंदाचा सदरा वाळला होता. डाग पुन्हा पिवळा पडला होता. श्रावणनं तो काढला आणि नाकाशी नेला. बराच वेळ हुंगत राहिला, मग उलटा करून आतल्या बाजूनं हुंगला.

“पंचफुला,” तो म्हणाला, “याच्यात तर साबणाचाच वास येऊन राहिला वं.”

“हो जी,” घरातून ती म्हणाली. “धुतला म्या.”